स्प्रे ब्रशने सावली दिली की चेहरा धुरकट होतो, पारदर्शक लेयर नक्की कसे वापरायचे?

निळीशाई

नमस्कार मंडळी, मी पेन टॅबलेटवर चित्रं काढते, सॉफ्टवेअर क्रिता. सध्या एका म्हाताऱ्या बाईंचं पोर्ट्रेट चालू आहे, डावीकडून खिडकीतला उजेड येतोय आणि चेहऱ्याची उजवी बाजू सावलीत. रेखाटन जमलंय, सपाट रंग भरून झालेत, इथपर्यंत चेहरा छान बोलतो पण सावली द्यायला घेतली की सगळंच धुरकट होऊन जातं. पद्धत अशी की सपाट रंगांच्या वर नवीन पारदर्शक लेयर, मोड मल्टिप्लाय (खालच्या रंगाला गुणून गडद करणारा), ब्रश एअरब्रश सॉफ्ट, ओपॅसिटी ४० टक्के, रंग गडद करडा, आणि मग हळूहळू फवारत जायचं.

आता अडचणी. गाल, नाक, हनुवटी सगळं सारखंच मऊ दिसतं, हाड कुठे आहे ते कळतच नाही. जिथे दोन स्ट्रोक एकमेकांवर येतात तिथे काळे डाग पडतात आणि ते डाग मिसळवायला आणखी फवारलं की आजूबाजूचंही काळं होत जातं. सावली चेहऱ्याबाहेर सांडते ती मऊ इरेझरने पुसते, स्क्रीनवर स्वच्छ दिसतं, पण बॅकग्राउंड बंद करून पीएनजी केली आणि ती दुसऱ्या रंगावर ठेवली की केसांच्या कडेने मळकट वलय दिसतं. शिवाय मागची भिंत एका टोकाकडे गडद करत नेली तर तिच्यावर उभे पट्टे दिसतात, तो जो सलग मऊ उतार पाहिजे तो मिळतच नाही.

बरेच व्हिडिओ पाहिले पण त्यात हात इतका भराभर चालतो की सेटिंग दिसतच नाही, आणि ओपॅसिटी आणि फ्लो यातला फरक तर कुणी धड सांगतच नाही, दोन्ही कमी केलं की रंग फिका होतो एवढंच कळतं. कुणी नीट समजावून सांगेल का प्लीज? ब्रश बदलू की लेयरची मांडणीच बदलू?

खडूचूर

पेनचा दाब कशाला जोडलाय, साइझला की ओपॅसिटीला? आणि ब्रश चेहऱ्याच्या मानाने केवढा ठेवतेस?

निळीशाई

दाब दोन्हीला जोडलेला आहे. कॅनव्हास ३००० पिक्सेल रुंद, त्यात चेहरा साधारण १२०० पिक्सेल, ब्रश ८० च्या आसपास.

खडूचूर

८० फारच लहान गं. मऊ ब्रशच्या प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही बाजूंनी फिकी होत जाणारी कड असते, लहान ब्रशने मोठी सावली भरायला गेलं की अशा पंधरा-वीस कडा शेजारी शेजारी येतात आणि तेच तुझे डाग. साइझचा दाब काढून टाक, ब्रश ४००-५०० वर ने, दाब फक्त फ्लोला जोड. मग ब्रशचा मधला भाग सावलीच्या आत ठेवायचा आणि त्याची फक्त एक कड उजेडाकडे जाऊ द्यायची, म्हणजे उतार एकाच झटक्यात पडतो. एवढं कर आणि बघ, निम्मे डाग तिथल्या तिथे जातील.

दिवेलागण

खडूचूर म्हणतात ते बरोबरच आहे, पण ब्रश मोठा केला तरी "हाड कुठे आहे ते कळत नाही" ही तक्रार राहणारच, कारण तुम्ही सावलीचा आकारच स्प्रेने काढताय. स्प्रेला आकार काढता येत नाही हो, त्याला कडच नसते. आकार आधी कडक ब्रशने ठरवायचा, सपाट, एका रंगात, अजिबात मऊपणा न आणता, आणि तो लांबून बघितला तर चेहरा ओळखू आला पाहिजे. तो ओळखू येत नसेल तर स्प्रेला हातच लावायचा नाही. नंतर त्या आकाराच्या काही कडा विरघळवायच्या आणि काही तशाच ठेवायच्या, आणि कुठली कड विरघळवायची ते प्रकाश ठरवतो, आपला हात नाही.

तुमच्याच चित्रात बघा. उजेड डावीकडून, म्हणजे नाकाची सावली उजव्या गालावर पडणार. ती पडछाया नाकपुडीला जिथे चिकटून सुरू होते तिथे तिची कड धारदार असते, आणि गालावर जशी पुढे सरकते तशी कड मऊ होत जाते, कारण खिडकी हा मोठा प्रकाशस्रोत आहे आणि सावली टाकणारी वस्तू लांब गेली की खिडकीचा थोडा थोडा भाग तिथपर्यंत दिसायला लागतो. म्हणजे एकाच सावलीला एका टोकाला कडक कड आणि दुसऱ्या टोकाला मऊ. आता गालाचं हाड बघा, तिथे पडछाया नाही, तिथे पृष्ठभाग स्वतःच उजेडापासून वळतो, म्हणून उतार रुंद आणि मऊ. पण हनुवटीखाली जबड्याची रेघ मानेवर सावली टाकते, ती पुन्हा बऱ्यापैकी कडक. म्हाताऱ्या चेहऱ्यावर तर सुरकुतीची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ असते, घडीच्या आतली बाजू कडक आणि फुगीर बाजू विरत गेलेली. हे सगळं एकाच मऊ ब्रशने एकसारखं फवारलं की हाड, मांस, घडी सगळं एकाच मापाचं होतं. तुमच्या चित्रात तेच होतंय.

आता ओपॅसिटी आणि फ्लो. ब्रशचा स्ट्रोक ही सलग रेघ नसते, ते एकामागोमाग एक उमटलेले ठसे असतात. फ्लो म्हणजे प्रत्येक ठशात किती रंग पडतो ते, आणि ओपॅसिटी म्हणजे पेन टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या अख्ख्या स्ट्रोकची वरची मर्यादा. ओपॅसिटी ४० आणि फ्लो १० असेल तर पेन न उचलता कितीही घोळवा, रंग हळूहळू साचत ४० पर्यंत जाईल आणि तिथे थांबेल. पेन उचलून परत टेकलात की नवीन स्ट्रोक, मग त्या ४० वर आणखी ४०. क्रितात यासाठी ब्रश एडिटरमध्ये पेंटिंग मोड आहे, वॉश ठेवलं तर ही मर्यादा पाळली जाते, बिल्ड अप ठेवलं तर एकाच स्ट्रोकमध्येही साचत राहतं. तुमचा ब्रश कशावर आहे ते आधी बघा.

आणि ४० अधिक ४० म्हणजे ८० नाही, इथे बरेच जण अडकतात. पहिल्या थरानंतर खालचं ६० टक्के दिसत राहतं. दुसरा थर त्या ६० चं ६० टक्के शिल्लक ठेवतो म्हणजे ३६, म्हणजे झाकलं गेलं ६४. तिसऱ्याला उरतात साधारण २२, झाकले ७८. म्हणजे पहिला थर मोठी उडी मारतो आणि पुढचे लहान लहान, म्हणून जिथे एकच थर पडलाय आणि जिथे दोन पडलेत त्यांच्यातली सीमा डोळ्याला खुपते, पण सहा आणि सात थरांतली सीमा दिसतसुद्धा नाही.

यावरून जो उपाय निघतो तो मला सगळ्यात कामाचा वाटतो. गडद रंग घेऊन फिका फवारू नका. सावली शेवटी जेवढी गडद पाहिजे तेवढाच रंग निवडा, मल्टिप्लायसाठी म्हणजे बराच फिकट, आणि तो लेयरवर बिनधास्त १०० टक्क्यांपर्यंत भरा. तोच रंग त्याच रंगावर कितीही वेळा फवारला तरी तो त्याच्यापेक्षा गडद होऊच शकत नाही, कारण मल्टिप्लाय हा लेयरचा मोड आहे आणि लेयरच्या आत ब्रश नॉर्मलवरच चालतो. दोन स्ट्रोक एकमेकांवर आले तरी डाग पडायला जागाच राहत नाही. मग सगळी सावली जड वाटली तर लेयरची ओपॅसिटी खाली आणा, एका स्लायडरचं काम. फक्त ब्रशचा स्वतःचा ब्लेंडिंग मोड चुकून मल्टिप्लायवर राहिला नाहीये ना एवढं तपासा, तो तसा असेल तर प्रत्येक स्ट्रोक काळा करत जाईल आणि वरचं सगळं गणित मोडेल.

जाडरेघ

माझं मत जरा वेगळं आहे. शिकणाऱ्याने एअरब्रश पूर्ण बंदच ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कडक गोल ब्रश घ्यायचा, दाब ओपॅसिटीला जोडायचा, दोन छटांच्या मधली छटा कलर पिकरने उचलायची आणि ती मध्ये लावायची, परत त्यांच्या मधली उचलायची, असं करत करत उतार बनवायचा. यात प्रत्येक वेळी डोक्याला ठरवावं लागतं की इथे पृष्ठभाग वळतोय का आणि किती वळतोय. स्प्रे तो निर्णय घेऊच देत नाही, सगळं परस्पर मिसळून टाकतो, आणि ब्रशच्या खुणा गेल्या की चित्रातला हातही जातो. म्हाताऱ्या चेहऱ्यावर तर खुणा पाहिजेतच. निळीशाई, एक पोर्ट्रेट स्प्रे न वापरता करून बघच तू.

नळीवाला

जाडरेघ, सराव म्हणून मान्य, पण स्प्रेला असं बाद करू नका हो. मी खऱ्या एअरब्रशवर काम केलेलं आहे, कॉम्प्रेसर, नळी, शाई सगळं, आणि तिथे कुणीही नुसतं मोकळं फवारून चित्र करत नाही. कागदावर फ्रिस्केट नावाची चिकट पारदर्शक फिल्म लावतात, ब्लेडने आकार कापतात, पाहिजे तेवढाच भाग उघडा करतात आणि मगच फवारा. कडक कड फिल्म देते, मऊ उतार फवारा देतो. जिथे कड अर्धवट मऊ पाहिजे तिथे फिल्म न चिकटवता कागद जरासा वर उचलून धरतात, खालून थोडा रंग आत शिरतो. म्हणजे दिवेलागण यांनी सांगितलेली आधी आकार मग फवारा ही गोष्ट एअरब्रशच्या धंद्यात कॉम्प्युटर यायच्या आधीपासून रुळलेली आहे.

आणि डबल ॲक्शनच्या गनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो, दोन्ही वेगवेगळं हातात असतं. ट्रिगर किती मागे ओढला हे म्हणजे तुमचा फ्लो. म्हणून दाब फ्लोला जोडा हा खडूचूर यांचा सल्ला मला एकदम पटला, हाताला खऱ्या गनच्या सगळ्यात जवळचं तेच वाटतं. आणखी एक, गन एका जागी धरून ठेवली तर रंग साचत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये साध्या ब्रशला तसं होत नाही, पेन हलला तरच ठसे पडतात. क्रितात ब्रश एडिटरमध्ये एअरब्रश नावाचा वेगळा पर्याय आहे आणि त्याला रेट आहे, तो चालू केला की पेन एका जागी धरला तरी रंग येत राहतो. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत त्याचं छोटं चिन्ह असतं. चेहऱ्यावर तो बंद ठेवलेला बरा, दिव्याभोवतीचं तेजोवलय किंवा धुकं करायचं असेल तेव्हा मात्र मजा येते.

डिजिटलमध्ये फिल्मचं काम पारदर्शकता करते. लेयरवर जिथे रंग आहे तिथेच फवारा उमटेल आणि बाकीकडे नाही, हीच तुमची फ्रिस्केट. यासाठी अल्फा लॉक आणि क्लिपिंग असे दोन रस्ते आहेत. अल्फा लॉकमध्ये त्याच लेयरवर रंगवता, लेयरचा आकार हलत नाही, पण खालचा मूळ रंग कायमचा बदलतो. क्लिपिंगमध्ये फवारा वेगळ्या लेयरवर राहतो आणि खालच्या लेयरच्या आकाराने कापला जातो, म्हणून नंतर कधीही पुसता येतो, रंग बदलता येतो. मी तरी पोर्ट्रेटला क्लिपिंगच वापरतो.

बिटमॅप

उरलेल्या दोन तक्रारींवर लिहितो, मळकट वलय आणि पट्टे.

वलय आलं ते असं. तुमचा लेयर मल्टिप्लाय आहे, पण मल्टिप्लायला गुणायला खाली काहीतरी लागतं. बॅकग्राउंड बंद केलं की चेहऱ्याबाहेर सांडलेल्या सावलीखाली काहीच उरत नाही, मग ती नॉर्मल लेयरसारखी, आपल्या मूळ करड्या रंगात अर्धपारदर्शक दिसते. पीएनजीमध्ये हेच जातं, त्या फाइलमध्ये मल्टिप्लाय वगैरे मोड नसतातच, प्रत्येक पिक्सेलचा एक रंग आणि एक पारदर्शकता एवढंच.

पण मी पुसलं होतं असं तुम्ही म्हणाल. मऊ इरेझर पूर्ण पुसत नाही. ८ बिटमध्ये पारदर्शकता ० ते २५५ अशा पूर्ण आकड्यांत साठवली जाते. समजा एका पिक्सेलची १० उरलीय आणि इरेझरची कड तिथे ३ टक्केच पुसतेय, तर १० चे ९.७ होतात आणि गोल करून परत १०. तुम्ही कितीही घासा, तो पिक्सेल जागचा हलत नाही. पांढऱ्यावर डोळ्याला दिसत नाही म्हणून स्वच्छ वाटतं. खात्री करायची असेल तर बाकी लेयर बंद करा, सावलीच्या लेयरची कॉपी घेऊन त्यातच मर्ज (एकत्र) करा, परत कॉपी, परत मर्ज, दर वेळी अशा फिक्या पिक्सेलची पारदर्शकता जवळजवळ दुप्पट होते, चार-पाच वेळा केलंत की सगळं सांडलेलं वर येतं. बघून झालं की अनडू करा. फोटोशॉपवाल्यांनी लेयरला भडक रंगाचा स्ट्रोक इफेक्ट (कडेभोवतीची रेघ) द्यावा, उरलेसुरले ठिपके लगेच उठून दिसतात.

त्यामुळे पुसत बसूच नका, सांडूच देऊ नका. क्रितात चेहऱ्याचा सपाट रंगाचा लेयर निवडून कंट्रोल शिफ्ट जी दाबा, क्लिपिंग ग्रुप तयार होतो आणि वरच्या लेयरला इनहेरिट अल्फा (खालच्याचीच पारदर्शकता घेणं) लागलेलं असतं. हे ग्रुपच्या आतच झालं पाहिजे, कारण क्रितातलं इनहेरिट अल्फा खालच्या फक्त एका लेयरकडे बघत नाही, त्याच ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेयरची मिळून जी अपारदर्शक जागा होते तिच्याकडे बघतं. ग्रुप न करता नुसतं चिन्ह दाबलं आणि तळाशी भरलेलं बॅकग्राउंड असलं की सगळा कॅनव्हासच अपारदर्शक ठरतो आणि क्लिपिंग होतच नाही. फोटोशॉपहून क्रितावर आलेले इथे हमखास वैतागतात.

केसांच्या कडेला पांढरी किनार दिसत असेल तर ते दुखणं वेगळं. पांढऱ्या भरलेल्या लेयरवरच केस रंगवून नंतर पांढरं कापून काढलं की मऊ कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरं मुरलेलं असतं. तिथे अल्फा लॉक लावून केसांचाच रंग कडेवरून फिरवायचा, पारदर्शकता तशीच राहते आणि रंग तेवढा बदलतो.

आता पट्टे. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या. तुमची भिंत समजा ४० पासून ७० पर्यंत उजळते, म्हणजे मध्ये ३० पायऱ्या, आणि कॅनव्हास ३००० पिक्सेल, तर प्रत्येक पायरी १०० पिक्सेल रुंद झाली. गडद छटांमध्ये डोळा ती पायरी बरोब्बर पकडतो. फाइल १६ बिटला बदला, तिथे ६५,५३६ पायऱ्या आहेत, इमेज मेनूतून रूपांतर होतं. पण शेवटी ८ बिटमध्येच द्यायचंय तर भिंतीवर हलका नॉइज (बारीक दाणे) टाका, पायरीची सरळ सीमा तुटली की पट्टा दिसेनासा होतो. अगदी कमी फ्लोने काम करणाऱ्यांना १६ बिटचा आणखी फायदा आहे, ८ बिटमध्ये २ टक्के फ्लोचा ठसा समोरच्या रंगात आणि ब्रशच्या रंगात २५ पेक्षा कमी फरक उरला की अर्ध्या आकड्याहूनही कमी बदल करतो, तो गोल करून शून्य होतो, आणि मग फवारत राहिलं तरी रंग पुढे सरकत नाही. १६ बिटने मेमरी जास्त खाल्ली जाते आणि मशीन जुनं असेल तर मोठा ब्रश अडखळतो, एवढं धरून चला.

ओलीभिंत

मी फोनवर आयबिसपेंट वापरते, तिथे पण हे सगळं करता येतं का? सगळेच कॉम्प्युटरवाले दिसताय इथे.

नळीवाला

येतं की. आयबिसमध्ये लेयरच्या खिडकीत क्लिपिंग आणि अल्फा लॉक दोन्ही आहेत. आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये लेयरवर दोन बोटं उजवीकडे सरकवली की अल्फा लॉक. क्लिप स्टुडिओत खालच्या लेयरला क्लिप करायचं बटण लेयरच्या यादीच्या वरच असतं. नावं थोडीफार इकडची तिकडे, आतलं गणित एकच. पारदर्शकतेचा वेगळा चॅनल असावा ही कल्पना एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडली, आणि १९८४ साली पोर्टर आणि डफ यांनी एका प्रतिमेवर दुसरी कशी चढवायची त्याचे नियम बांधून दिले. आपलं क्लिपिंग म्हणजे त्यातलाच ॲटॉप (वरचं फक्त खालच्याच्या आकारापुरतं दिसणं) हा नियम. फोटोशॉपला लेयर आले ते १९९४ ला, तिसऱ्या आवृत्तीत. त्यामुळे ॲप कुठलंही असो, एकदा हे हाताला कळलं की कुठेही अडत नाही.

निळीशाई

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार! दोन दिवस हेच करत बसले होते. सावलीचा आकार कडक ब्रशने काढला, क्लिपिंग ग्रुपमध्ये, फिकट रंग १०० टक्क्यांनी भरला, मग नाकाच्या सावलीचं गालाकडचं टोक आणि गालाच्या हाडाचा उतार एवढंच मोठ्या स्प्रेने विरघळवलं, तेही त्याच लेयरवर स्प्रे इरेझर मोडला टाकून. नाकपुडीजवळची कड तशीच कडक ठेवली. नाक एकदम पुढे आलं! डाग नाहीत, वलय नाही. भिंतीला १६ बिट आणि थोडा नॉइज, तिथेही छान झालं. ब्रश बिल्ड अपवर होता, वॉशला टाकला.

आता एकच राहिलंय, सावली स्वच्छ आहे पण त्वचा जिवंत वाटत नाही, करडी पडते. रंग गडद करड्याऐवजी फिकट करडा घेतलाय. आणि उजवीकडे खांद्यावर लाल शाल आहे, तिच्यामागे हिरवं झाड धूसर करायला लालची कड हिरव्यात मऊ फवाऱ्याने मिसळवली तर मध्ये एक घाणेरडा काळपट पट्टा येतो. याला काय करू?

दिवेलागण

वा, मस्त! नाक पुढे आलं ना, मग आकार बरोबर सापडलाय तुम्हाला.

करड्याचं असं आहे की मल्टिप्लायमध्ये तटस्थ करडा तिन्ही चॅनल सारख्याच प्रमाणात खाली आणतो. तुमची त्वचा समजा लाल २२४, हिरवा १७२, निळा १४० आहे. १७० च्या करड्याने गुणली तर साधारण १४९, ११५, ९३ मिळते, म्हणजे तोच रंग, फक्त दिवा मंद केलेला. त्याऐवजी सावलीचा रंग २००, १७०, १९० असा जांभळट गुलाबी घ्या, तर येतात १७६, ११५, १०४. हिरवा चॅनल तेवढाच उतरला पण लाल बराच टिकला आणि निळाही थोडा वर राहिला, सावलीत लगेच रक्त खेळायला लागतं. डोळ्याने बघून रंग थोडा गरम थोडा थंड करत जा, खिडकीतून निळसर आकाश येत असेल तर सावली गरम चालते, दिवा पिवळा असेल तर सावली थंडीकडे झुकवा.

त्वचेचं आणखी एक आहे, उजेड त्वचेच्या आत शिरतो आणि आतून पसरून बाहेर येतो, त्यात लाल सगळ्यात लांब जातो कारण हिरवा आणि निळा रक्त शोषून घेतं. म्हणून उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या काठावर त्वचा थोडी जास्त लाल दिसते. त्या काठावरून, सावलीच्या वर वेगळा लेयर, मोड सॉफ्ट लाइट किंवा ओव्हरले, त्याच ग्रुपमध्ये क्लिप केलेला, आणि मध्यम ब्रशने भगव्याकडे झुकणारा लाल अगदी पातळ फवारा. कान, नाकपुडीची कड, बोटांच्या फटी इथे जरा जास्त. हे काम स्प्रेचंच, इथे कडक ब्रश शोभत नाही. म्हाताऱ्या कानाची पाळी पातळ असते, मागून उजेड असेल तर ती जवळजवळ पेटलेली दिसते, ती मात्र चुकवू नका.

बिटमॅप

लाल-हिरव्याच्या मधला काळपट पट्टा हा मिसळण्याच्या गणितातून येतो. नेहमीच्या एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांची नेहमीची मोजणी) आकड्यांत पूर्ण लाल आणि पूर्ण हिरव्याचं अर्धं अर्धं मिश्रण १२८, १२८, ० येतं, पण ते आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. खरा उजेड मिसळला असता तर तिथे १८८, १८८, ० च्या आसपास, म्हणजे बराच उजळ पिवळा आला असता. त्यामुळे मऊ कडेचा मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा गडद पडतो. क्रितात लिनिअर प्रोफाइल (जिथे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात असतात) घेऊन काम केलं, किंवा फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये गॅमा १ ने मिसळायचा पर्याय चालू केला, की हा पट्टा जातो. जिंपमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून नॉर्मल मोड मुळातच लिनिअर मिसळतो. पण अर्ध्या चित्रात प्रोफाइल बदललं तर बाकीचे अर्धपारदर्शक लेयर पण वेगळे दिसायला लागतील, आणि तुमची आत्ता जमलेली सावली हलेल. सध्या सोपं करा, शाल आणि झाड यांच्यामध्ये स्वतः एक मधला रंग निवडा, जरा उजळ मातकट पिवळसर, तो कडेवर अल्फा लॉक लावून फवारा.

जाडरेघ

मधला रंग स्वतः निवडायचा, म्हणजे मी वर म्हणत होतो तेच की. आनंद झाला वाचून.

खडूचूर

निळीशाई, आता त्वचेवर वयाचे तपकिरी डाग आणि छिद्रं टाकणार असशील तर त्याला एअरब्रश घेऊ नकोस, क्रितात स्प्रे नावाचं वेगळं ब्रश इंजिन आहे ते घे. एअरब्रश एकच मोठा मऊ ठसा मारतो, स्प्रे इंजिन ब्रशच्या वर्तुळात सुटे सुटे कण उडवतं. कणांची संख्या कमी ठेव, आकारात आणि फिरवण्यात रँडम चालू कर, नाहीतर एकसारखे ठिपके पडून छापील कापडासारखं दिसतं. नवीन पारदर्शक लेयर, मल्टिप्लाय, एकदाच हलका हात फिरवायचा आणि मग जिथे नको तिथले कडक इरेझरने काढायचे, कपाळ आणि कानशिलाजवळ जास्त, वरच्या पापणीवर जवळजवळ नाही. आणि तो लेयर ग्रुपच्या आतच ठेव, नाहीतर डाग केसांवर पण उडतील. झालं की चित्र इथे टाक, बघायचंय.